घागर रिकामी कशी होते

॥ श्री वीतरागाय नमः ॥
समडोळी, ता. ६ जानेवारी १९७४

रा. धनपालमास्तर यांस,
जिनपालचा सप्रेम जयजिनेंद्र.

तुमचं कार्ड मिळालं. 'आमची चंदनबाला कशी आहे' असं विचारलंत. त्याचंच उत्तर लिहायला बसलोय आणि तीन कागद फाडून झालेत. लग्नाला आठ महिने झाले, तुमच्या बहिणीबद्दल एक शब्द वावगा लिहायची वेळ आली नव्हती. आता आली आहे.

तुम्हाला माहीत आहे, आमच्या आईनं महाराजांच्या चातुर्मासात नियम घेतला. दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाणीही नाही. घरात सगळे पाळतात. चंदननं लग्न होऊन आली त्याच आठवड्यात आपणहून नियम घेतला, तेव्हा आई गल्लीभर सांगत फिरली होती. आई सांजेला पाणी गाळून घागर भरून ठेवते. सकाळी देवळातून आल्यावरच तिला हात लागतो. गेला महिनाभर ही घागर सकाळी अर्धी असते. मांजर घागरीतून पाणी पीत नाही, एवढं मलाही कळतं.

दुसरं म्हणजे परसातली न्हाणी. तिथं मुंग्यांची रांग लागते. आमच्यात मुंगी मारत नाहीत, गरम पाणी ओतत नाहीत, म्हणून आई रोज त्या रांगेमागं जाऊन बघते. मुंग्या न्हाणीच्या कोपऱ्यात जमतात. आईचं म्हणणं, चंदन गूळ चोरून नेऊन तिथं खाते. जेवायला ती आता पाच भाकरी खाते आणि तासाभरात पुन्हा फडताळाकडं बघते. एवढं खाऊन अंगावर काही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती कागदावर लिहावी की नाही मला कळत नाही. ती दिवसातून सात-आठ वेळा उसाकडं जाते. विचारलं तर मान खाली. माहेरी ती अशीच होती का, एवढंच सांगा. कुठंतरी पाणी मुरतंय, मास्तर.

आपला,
जिनपाल मगदूम

सातारा, ता. १० जानेवारी १९७४

श्री. जिनपालराव यांस, जयजिनेंद्र.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा भाऊ म्हणून, आणि एकदा शाळेत मुलांचे निबंध तपासतो तसं. दोन्ही वेळा नापास केलं.

पाच भाकरी खाणारी बाई वाळत कशी जाते, हे आमच्या शाळेतल्या पाचवीच्या पोरानंही विचारलं असतं. दिवाळीला चंदन आली तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागं सरत होत्या. हिनं विचारलं तर म्हणाली, वहिनी, मापच मोठं घेतलं होतं. माप मोठं नव्हतं, बांगड्या मीच भरवल्या होत्या. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की तिकडं तिच्या पोटाला नीट मिळत नाही. आता तुम्ही उलटंच लिहिता, तर मला वाटतं की आधीच कांगावा करून ठेवायचा तुमचा बेत आहे.

आणि उसाचं जे लिहिलंत, ते लिहिताना तुमचा हात कसा चालला? जे म्हणायचं ते उघड म्हणा.

माहेरी ती कशी होती म्हणून विचारता. धडधाकट होती. सर्दी-पडशापलीकडं तिला काही झालं नाही. आमच्या घरात कुणालाच कधी काही झालेलं नाही. हे लग्नाच्या बैठकीतही तुम्हाला सांगितलं होतं.

महिनाअखेर मी येतो. एकटा येणार नाही.

धनपाल चौगुले

समडोळी, १५ जानेवारी
(जिनपालच्या आई आक्काताई सांगतात तसं अर्जुना पोस्टमन लिहितो)

मास्तर, तुमचं पत्र आमच्या जिन्यानं वाचून दाखवलं. आमी सुनंला उपाशी ठेवतो व्हय? आवं, माझ्या चुलीवर गडीमाणसं जेवून जात्यात, आन सून उपाशी राहील? काल सकाळी तिनं चार भाकऱ्या खाल्ल्या, वर वाटीभर दूध पिली. दुपारी परत मागाय आली. मी घातलं. माझ्या हातानं घातलं. तुमच्या बायकूला विचारा, सासू एवढं घालती का.

आता मी काय काय बघती ते ऐका. पोरगी दुपारची चुलीपाशी बसल्या बसल्या झोपती. तांदूळ निवडाय दिले तर खडे तसंच राहत्यात, म्हंती दिसंना झालंय. एकुणीस वर्साच्या पोरीला दिसंना? ही कामाची टाळाटाळ. पायाला एक फोड आलाय, महिना झाला, भरंना. अंग खाजवती. आन पानी. तोंडाला तांब्या लावला की खाली ठेवत न्हाई. नियम मोडून पिती, मी डोळ्यानं बघितलं. माझं मन लय फाटलं. देवापुढं हात जोडून घेतलेला नियम हाय तो.

आन रानात जायाचं. शेजारची साळूबाई मला म्हंती, आक्काताई, सून कुनाला भेटाय जाती बघा. मी तिच्या मागनं गेले. कुनी न्हाई तिथं. नुसती बसली आन उठून आली. मग अर्ध्या तासानं परत. ह्याचा अर्थ तुमीच सांगा, तुमी शिकलेलं हाय.

परवापास्नं मी तिला दिवसाला दोन तांबे पानी लावून दिलंय. त्याच्या वर न्हाई. शिस्त लागंल.

तुमी या. दहा जन घेऊन या. चुलीपाशी बसवून दाखवती ती किती खाती.

सातारा, ता. १९ जानेवारी १९७४

श्री. जिनपालराव,

हे पत्र हातात पडेल त्याच क्षणी, वाचून झाल्यावर नव्हे, चंदनला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जा. मग उरलेलं वाचा.

मी तुमच्याकडं येताना आमच्या आळीतले हरिबा यांना बरोबर आणणार होतो. पलटणीतून आलेला उंचापुरा माणूस, मिशा बघूनच तुम्ही गप्प बसाल असा माझा हिशेब. काल त्यांना घडलं प्रकरण समजावं म्हणून तुमचं आणि आक्काताईंचं अशी दोन्ही पत्रं वाचून दाखवली. मी रागानं मोठ्यानं वाचत होतो. मुंग्यांपाशी त्यांनी मला थांबवलं. "मास्तर, हे परत वाचा." मी परत वाचलं. "न्हाणीत बाया लघवीला बसत्यात का?" मी म्हटलं, असतील, घरोघरी बसतात. मग त्यांनी आक्काताईंचं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. तहान. भूक. वाळणं. फोड. झापड. नजर.

हरिबा लष्करी दवाखान्यात अठरा वर्षं हवालदार होते. ते म्हणाले, "पोरीच्या लघवीत साखर जातीया. खाल्लेलं अंगाला लागतच न्हाई. रक्तातली साखर पान्यावाटं भायेर, म्हून तहान, म्हून रानात पळापळ. अशी कवळी पोरं आमच्याकडं यायची. उशीर झाला की हाती लागत न्हाईत."

म्हणजे तुमच्या दोघांच्या तक्रारी खऱ्या होत्या आणि माझाही संशय खरा होता. ती खात होती आणि उपाशीही होती.

पाणी अजिबात तोडू नका. दोन तांब्यांचा तो कायदा आजच मोडा. गोड काही देऊ नका. सुईचं औषध मिळतं, त्यानं माणूस जगतं. राग माझ्यावर नंतर काढा.

धनपाल

समडोळी, ता. २३ जानेवारी १९७४

मास्तर,

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या सांगण्याप्रमाणं उठलो नाही, कारण सांगतो.

लघवीत साखर म्हणजे मधुमेह, ते आम्हालाही ठाऊक आहे. सांगलीच्या पेठेतले आमचे अडते आहेत, साठीचे, गादीवरून उठताना दोघांचा हात लागतो, त्यांना आहे. तो बसून खाणाऱ्या माणसाचा रोग. चंदनचं वजन आमच्या वासराएवढं नाही. गावातल्या डॉक्टरांना दाखवलं. अशक्तपणा आहे, म्हणाले. ताकदीची बाटली दिली आणि ग्लुकोज पाजायला सांगितलं.

पाण्याचं आईला समजावलं, ते सुटलं. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, आईला माहीत नाही. गेले पंधरा दिवस मी आमच्या गुऱ्हाळावरून रोज तांब्याभर उसाचा रस आणून तिला देतो. तोंड कोरडं पडतं तिचं, बघवत नाही. घटाघटा पिते. संशय मनात होता तेव्हाही देत होतो. माझ्यावर उपाशी ठेवल्याचा आळ घेण्याआधी हे ऐकून ठेवा.

आता माझा प्रश्न. दहा तारखेला तुम्ही लिहिता, आमच्या घरात कुणाला कधी काही झालं नाही. एकोणीस तारखेला साताऱ्यात बसून, पोरीला न बघता, रोग सांगता. एक शेजारी म्हणाला आणि तुमच्यासारख्या मास्तराची लगेच खात्री पटली? माझी नाही पटत. एक तर तुम्हाला आधीपासून काही ठाऊक आहे आणि लग्नात ते लपवलंत. नाहीतर दवाखान्याच्या नावानं तिला बाहेर काढून माहेरी न्यायची आणि परत धाडायची नाही, असा डाव आहे. दोन्हींपैकी कोणतं ते सांगा. तोवर तुम्ही दारात आलात तरी मी तिला उंबऱ्याबाहेर पाठवणार नाही.

कालपासून तिला उलट्या होताहेत. आईला वाटतं दिवस गेले असावेत. तसं असेल तर सगळंच चांगलं होईल.

जिनपाल

सातारा, ता. २५ जानेवारी १९७४, पहाटे

जिनपालराव,

हे पत्र टपालात टाकत नाही. हरिबा हातानं आणून देतील. आम्ही दोघं पहिल्या एस.टी.नं निघतो आहोत. ते सांगलीहून तुमच्याकडं येतील, मी तसाच मिरजेला जाऊन दवाखान्याच्या दारात उभा राहतो. मी तुमच्या दारात आलो तर भांडण होईल, त्यात दिवस जाईल, आणि तेवढा दिवस आपल्याकडं आहे की नाही हे मला माहीत नाही. खरं सांगायचं तर तुमच्यासमोर यायला तोंडही नाही.

तुमचा पहिला संशय बरोबर आहे. मी लपवलं.

आम्ही फलटणला होतो तेव्हा आम्हाला आणखी एक भाऊ होता, बाळासो. अकरा वर्षांचा. चौसष्ट साली पावसाळ्यात त्याला तहान लागायला लागली. शाळेतून पळत यायचा तो थेट रांजणाकडं. अंथरूण ओलं करायला लागला म्हणून वडिलांनी मारलं. अंथरुणावर मुंग्या यायच्या, तर आईला वाटायचं पोरगं उशाशी खाऊ ठेवतं. करणी झाली म्हणून आम्ही औंधाच्या वाटेवरच्या एका देवऋषाकडं नेलं. आम्ही जैन, पण पोरासाठी तिथंही नारळ ठेवला. तो अशक्त झाला म्हणून माझ्याच हातानं मी त्याला साखरपाणी पाजत होतो. मग उलट्या झाल्या. श्वास खोल खोल लागला, आणि त्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास यायचा. दवाखान्यात नेलं त्या दुपारी तो गेला. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. वडील म्हणाले, हे नाव पुन्हा घरात निघता कामा नये, घरात पोर लग्नाची व्हायची आहे. बैठकीत तुम्ही विचारलंत तेव्हा ते हयात नव्हते. खोटं माझंच होतं. चंदन तेव्हा लहान होती, तिला यातलं काही आठवत नसेल. तिला दोष देऊ नका.

तिच्या तोंडाजवळ जाऊन श्वास हुंगा. हरिबांजवळ निळं औषध आणि काचेची नळी आहे. तिच्या लघवीचे आठ थेंब त्यात टाकून तापवायचे. रंग निळाच राहिला तर मला खोटारडा म्हणून गावभर सांगा.

सोयरीक मोडायची असेल तर मोडा. मी लिहून देतो की चूक आमची. पण मोडायची ती मिरजेहून आल्यावर मोडा.

धनपाल

समडोळी, ता. १७ फेब्रुवारी १९७४

मास्तर,

दवाखान्यात आपण आठ दिवस एकाच बाकावर बसलो आणि चहाला येता का एवढंच बोललो. म्हणून लिहितो.

त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला हरिबांनी सांगितलं असेल, पण माझ्याकडून ऐका. मी तुमचं पत्र वाचलं आणि पहिला राग आला तो फसवल्याचा. दुसरं वाक्य डोक्यात यायच्या आत हरिबांनी माझ्या आईला चूल पेटवायला सांगितली. आई म्हणाली, "माझ्या चुलीवर असलं काय न्हाई तापवू देनार." हरिबा म्हणाले, "मावशी, चूल उद्या सारवता यील." मग ते नळी घेऊन परसात गेले, तीन दगड मांडले आणि तिथं तापवली. निळं औषध हिरवं झालं, पिवळं झालं, आणि बघता बघता भाजल्या विटेसारखं तांबडं झालं. आई शेजारी उभी होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिनं हरिबांचं तोंड बघितलं आणि स्वतः जाऊन बैलगाडीत गवत अंथरलं.

मी चंदनच्या तोंडाजवळ वाकलो. वास आला. तुम्ही लिहिलाय तसाच.

ती दोन दिवस शुद्धीवर नव्हती. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर आणूच नका म्हणालो असतो. मी त्यांना रसाचं सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मास्तर, तो रस मी सोळा-सतरा दिवस पाजला. त्यातले बरेच दिवस मी तिच्यावर पाळतही ठेवत होतो. सकाळी तिच्या मागून उसात जायचो आणि सांजेला तांब्या घेऊन गुऱ्हाळावर. तुमच्या घरातलं एक वाक्य मला आधी कळलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. हे मी विसरणार नाही, आणि तुम्हीही विसरू नका.

सोयरीक मोडायचं आईनं काढलं होतं. भाऊबंदही म्हणाले, फसवणूक आहे, पंचांपुढं जा. मी गेलो नाही. सुई टोचायला मी शिकलोय. आई काचेची पिचकारी आणि सुई उकळून देते, मी टोचतो. औषधाची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवतो. डॉक्टरांनी सांजेनंतरही तिला खायला सांगितलंय. आई पंडितांकडं गेली आणि चंदनला नियमातून सोडवून आणलं. आता दिवस मावळला की घागरीजवळ आईच तांब्या घेऊन बसते, आणि स्वतः थेंब घेत नाही.

तुम्ही या. चंदन म्हणाली, तिला तुम्हाला काही लिहायचं आहे. मला दाखवणार नाही म्हणाली, मी विचारलंही नाही.

जिनपाल

समडोळी, ता. १९ फेब्रुवारी १९७४

ती. दादास, चंदनचा नमस्कार.

आता दिसतं. सकाळी तांदूळ निवडले, एक खडा राहिला नाही. वजन थोडं भरलंय. वहिनींना सांगा.

दादा, यांनी मला तुमची सगळी पत्रं वाचायला दिली. तुम्ही मिरजेला परत दिलेली यांची आणि आत्याबाईंचंही वाचलं, परवाचंही वाचलं. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्याबद्दल सात पत्रं लिहिलीत. त्यातलं एकही माझ्या नावानं नव्हतं. मी गूळ खाते का, कुणाला भेटते का, मला जेवायला घालतात का, हे तुम्ही एकमेकांना विचारत होता. मी त्याच घरात होते.

तुम्ही लिहिलंत, चंदन लहान होती, तिला आठवत नसेल. मी नऊ वर्षांची होते. बाळासोला रांजणातलं पाणी मीच काढून द्यायची, कारण आई दटावायची. शेवटच्या दिवशी त्यानं माझ्याकडंच मागितलं होतं. तो गेल्यावर बाबांनी मला देवळात नेलं आणि वेदीपुढं हात जोडायला लावून वदवून घेतलं की सासरी हे कधी बोलायचं नाही. बाबा वडीलधारे, त्यांचं मी समजू शकते. पण लग्नाच्या दिवशी सकाळी हळद धुताना तुम्ही आत आलात आणि पुन्हा तेच म्हणालात. लक्षात आहे ना, चंदन. मी मान हलवली.

दिवाळीनंतर मला तहान लागायला लागली. चौथ्या दिवशी मला कळलं काय आहे ते. सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं, दादा. दोन महिने आधी. बोलले तर तुमचा शब्द खोटा ठरणार, मला घरी पाठवणार, आणि वहिनींना दोन लेकरं आहेत, मी कुठं राहायचं. म्हणून मी नियम मोडून पाणी प्यायले आणि गप्प बसले. आत्याबाई मागं येतात हे कळायचं, हेही येतात हे कळायचं. मला वाटायचं, चोर म्हणोत, वाईट चालीची म्हणोत, पण ते नाव माझ्या तोंडून निघू नये. यांनी रस आणला तेव्हा नको म्हणायला हवं होतं, मला माहीत होतं. पण कारण काय सांगायचं? आणि तहान फार होती.

हे मी यांना अजून सांगितलेलं नाही. आज सांगणार आहे. आत्याबाईंनाही सांगणार. मला आता घरात काही दडवून जगायचं नाही.

एक काम करा. तुमची राजमती सहा वर्षांची झाली, धाकटा चारचा. त्यांना जवळ बसवा आणि बाळासोचं सगळं सांगा. तुम्हाला एक काका होता, त्याला खूप तहान लागायची, तो वाळत गेला. तसं कधी झालं तर पळत येऊन बाबांना सांगायचं, या घरात हे बोलायचं असतं, असं सांगा. मला तुम्ही उलटं सांगितलं होतं, आणि मी तुमचं ऐकलं.

तुमची,
चंदनबाला